आर्ताचं राज्य आणि यानिनाचा तट : एका अल्बानियन संस्थानाची सत्तावन्न वर्षं

प्रकरण अभ्यास लिहिताना माणसांची नावं झाकायची रीत आहे. या प्रकरणातली माणसं सहाशे वर्षांपूर्वी गेली आणि त्यांची नावं इतिहासात उघडी आहेत, म्हणून ती तशीच ठेवली आहेत. ज्यांची नावं कुणी लिहून ठेवलीच नाहीत, ते यानिनाचे कारागीर, आर्ताचे शेतकरी आणि डोंगरातले मेंढपाळ इथेही निनावीच राहतील.

प्रश्न असा आहे. चौदाव्या शतकात एपिरसच्या डोंगरांतून उतरलेल्या अल्बानियन घराण्यांनी आर्ता हे शहर राजधानी करून राज्य उभारलं. उघड्या मैदानातल्या मोठ्या लढाया त्यांनी जिंकल्या. एका ख्रिस्ती लष्करी पंथाच्या प्रमुखालाच त्यांनी कैद केलं. तरी १३५९ ते १४१६ या सत्तावन्न वर्षांत सगळं आटोपलं. ऑटोमन तुर्कांच्या रेट्याला बोट दाखवून हे उत्तर देता येतं, आणि त्यात तथ्यही आहे. पण आर्ता शेवटी ज्याच्या हाती गेलं तो ऑटोमन नव्हता, तो होता इटालियन घराण्यातला एक छोटा बेटवाला सरदार. त्यामुळे उत्तर जवळच शोधावं लागतं. मला ते यानिनाच्या तटाशी सापडतं.

पार्श्वभूमी

एपिरस म्हणजे आजच्या ग्रीसचा वायव्य कोपरा आणि अल्बानियाची दक्षिण बाजू. पूर्वेला पिंडस पर्वत, पश्चिमेला आयोनियन समुद्र. या मुलखात दोन शहरं महत्त्वाची. दक्षिणेकडे आर्ता, आराख्थोस नदीच्या वळणात वसलेलं. पुढे सुपीक मैदान आणि मग अंब्राकियाचं आखात. उत्तरेकडे, सत्तरेक किलोमीटरवर, यानिना. तिचा किल्ला तळ्यात शिरलेल्या एका खडकाळ टोकावर आहे, तीन बाजूंनी पाणी. ही तीन बाजूंची गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे.

आर्ता नुसतं बाजारगाव नव्हतं. १२०४ साली चौथ्या धर्मयुद्धातल्या फौजांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, त्यानंतर एपिरसमध्ये जे स्वतंत्र ग्रीक राज्य उभं राहिलं त्याची ही राजधानी. त्या वैभवाची खूण म्हणून पारिगोरितिसा हे चर्च आजही उभं आहे. आत शिरून मान वर केली की बांधणारा काय धाडसाचा होता ते कळतं. जुन्या खांबांचे तुकडे आडवे करून भिंतीत रुतवलेत, त्यांच्या बाहेर आलेल्या टोकांवर उभे खांब पेललेत, त्यांच्यावर पुन्हा तीच रचना, आणि या सगळ्याच्या माथ्यावर घुमट. हे राज्य १३१८ साली खुनाने संपलं, ओर्सिनी नावाचं इटालियन घराणं आर्तात आलं.

यानिनाने त्याच वेळी वेगळा रस्ता धरला. तिथल्या पुढाऱ्यांनी शहर बायझंटाइन सम्राटाकडे सोपवलं आणि बदल्यात १३१९ मध्ये सम्राट दुसऱ्या आंद्रोनिकोसकडून सोनेरी मोहोरेची सनद मिळवली. शहराबाहेरच्या चाकरीतून मोकळीक, व्यापाराला जकातीची माफी, स्वतःचे न्यायनिवाडे स्वतः करण्याचा अधिकार, असं बरंच काही त्यात होतं. ही सनद लक्षात ठेवावी. यानिनाकर राजा स्वीकारायला कधीच नाही म्हणाले नाहीत. अट एवढीच की आधी कागद.

तिसरा पक्ष म्हणजे डोंगरातले अल्बानियन. त्यांच्याबद्दलची १३३३ सालची एक नोंद फार बोलकी आहे. थेसलीच्या, म्हणजे पिंडसच्या पूर्वेकडच्या मुलखाच्या, डोंगरांत राहणारे, राजा नसलेले, आपापल्या कुळप्रमुखांच्या नावांनी ओळखले जाणारे मालाकासी, बुआ आणि मेसारिती हे बारा हजार लोक सम्राट तिसऱ्या आंद्रोनिकोसला शरण आले. कारण कोणतं? हिवाळा. उन्हाळ्यात डोंगर त्यांचे, पण बर्फ पडलं की कळप घेऊन खाली उतरावंच लागे, आणि खाली सम्राटाची माणसं गाठून कापून काढतील ही भीती. ज्या समाजाचं वर्ष असं वर-खाली दोन भागांत कापलेलं असतं त्याची ताकद आणि कमजोरी दोन्ही इथेच दिसतात. फौज चपळ, कुळाची निष्ठा पक्की. पण तटबंदीचं शहर त्यांचं नाही, आणि सगळ्या कुळांवर चालेल असा एक शब्द कुणाचाच नाही.

संधी कशी आली

१३४८ च्या सुमारास सर्बियाच्या स्टीफन दुशानने एपिरस घेतलं. त्याच सुमारास प्लेगही आला होता. डिसेंबर १३५५ मध्ये दुशान वारला आणि त्याचं साम्राज्य सरदारांच्या हाती तुटून पडलं. ओर्सिनी घराण्याचा वारस दुसरा निकेफोरोस बापाचं राज्य परत मिळवायला आला. शहरं त्याला वश झाली. अडचण होती ती खेडोपाडी पसरलेल्या अल्बानियनांची, आणि त्याने त्यांना हुसकायचं ठरवलं. शिवाय सर्बियाशी सोयरीक जमावी म्हणून तो आपली बायको मारिया कान्ताकुझिनी हिला टाकायला निघाला. अल्बानियनांमध्ये तिला मान होता, ते भडकले. त्याला बायकोला परत बोलवावं लागलं, पण युद्ध टळलं नाही. १३५९ मध्ये अखेलोस नदीकाठी तुर्की भाडोत्री शिपाई घेऊन तो अल्बानियनांवर चालून गेला आणि तिथेच मारला गेला.

एका लढाईने दक्षिण एपिरस मोकळं झालं. थेसलीत बसलेला दुशानचा सावत्र भाऊ सिमेऑन उरोश नावापुरता धनी होता, पण अल्बानियनांना हटवायची ताकद त्याच्याकडे नव्हती. त्याने शहाणपणाने मान्यता देऊन टाकली. अल्बानियन सरदार प्येतर लोशाला आर्ता आणि जवळचा रोगोईचा किल्ला, ग्यिन बुआ श्पाताला दक्षिणेकडचा अखेलोसचा मुलूख आणि अंगेलोकास्त्रोचा किल्ला. दोघांना ‘डेस्पॉट’ हा किताब. (आज या शब्दाला हुकूमशहाचा वास येतो. बायझंटाइन दरबारात तो सम्राटाखालोखालचा मानाचा किताब होता.)

डोंगरातल्या कुळप्रमुखांच्या हाती आता राजवाडा, बिशप, जकात आणि बंदर आलं. त्याला पुरतील असे कायदेकानू मात्र त्यांच्या हाती नव्हते.

पहिलं वळण : यानिनाचं काय करायचं

अखेलोसनंतर यानिनाचे लोक घाबरले. १३६६-६७ च्या सुमारास त्यांनी सिमेऑनकडे माणसं पाठवली आणि अल्बानियनांपासून वाचवील असा धनी मागितला. सिमेऑनने आपला जावई थॉमस प्रेल्युबोविच दिला.

यानिनाची एक ग्रीक बखर या थॉमसबद्दल भयंकर लिहिते. त्याने चर्चची मालमत्ता काढून घेतली, मोठ्या घराण्यांना हद्दपार केलं, रोजच्या खाण्यापिण्याच्या जिनसांचा मक्ता स्वतःकडे ठेवला. बखरकार त्याचा वैरी आहे हे ध्यानात घेऊन चार आणे वजा केले तरी माणूस जुलमी होता असंच दिसतं. तो ‘अल्बानियनांचा कर्दनकाळ’ हे बिरुद मिरवायचा.

आणि तरीही यानिनाने त्याला अठरा वर्षं सोसलं.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. सत्तर किलोमीटरवर दुसरा राजा आहे, त्याची फौज चांगली आहे, शेजारचा मुलूख त्याचा आहे, आपला राजा छळतो आहे, तरी लोक दरवाजा उघडत नाहीत. का? कारण तटाबाहेर उभा असलेला माणूस काय देणार हे त्यांना माहीत नव्हतं. काय नेणार हे माहीत होतं.

लोशापुढे तीन रस्ते होते. वेढा घालून शहर उपाशी पाडायचं. सोयरीक करून शांतता घ्यायची आणि व्यापारातून दोघांनी कमवायचं. किंवा १३१९ च्या सनदेतल्या सवलती जशाच्या तशा राखू, असं शपथेवर लिहून देऊन शहरातला नाराज गट आपल्याकडे वळवायचा.

त्याने पहिला निवडला. तीन वर्षं, १३६७ ते १३७०, यानिनाभोवती वेढा आणि धाडी चालल्या. जमिनीकडून शहर कोंडलं गेलं, पण तळ्याकडून होड्या चालूच राहिल्या. आरमार नसलेल्या फौजेने तळ्यातला किल्ला उपाशी पाडायचा म्हणजे चाळणीत पाणी भरणं. शेवटी दुसरा रस्ता धरावा लागला. थॉमसची मुलगी इरिनी लोशाच्या मुलाला दिली गेली आणि पाच वर्षं शांतता नांदली.

म्हणजे सोयरीक चालली. पण ती एका मुलीच्या श्वासावर चालली. १३७४ मध्ये प्लेग पुन्हा आला, आर्तात प्येतर लोशा गेला. पाठोपाठ इरिनीही प्लेगनेच गेली, आणि तह तिच्याबरोबर संपला.

दुसरं वळण : ग्यिन बुआ श्पाता

लोशा गेल्यावर अंगेलोकास्त्रोचा ग्यिन बुआ श्पाता आर्तावर आला आणि दोन्ही संस्थानं एका हाताखाली आली. लोशाच्या मुलाचा हक्क बाजूला सारला गेला. त्या क्षणी हे राज्याच्या फायद्याचंच ठरलं, कारण श्पाता कर्तबगार होता. मात्र यातून एक पायंडा पडला. आर्ता ज्याच्या मनगटात बळ त्याचं. पंचवीस वर्षांनी श्पाताच्याच घरात हा पायंडा परत आला.

ग्यिनने लगेच यानिनावर चाल केली. थॉमसने या वेळी स्वतःची बहीण हेलेना त्याला दिली. पुन्हा सोयरीक, पुन्हा थोडी उसंत. पण श्पाता थांबला तरी सगळी कुळं थांबत नव्हती. १३७७ मध्ये आणि १३७९ च्या फेब्रुवारीत यानिनावर जे हल्ले झाले ते वेगवेगळ्या गटांचे होते. १३७९ मध्ये तर मालाकासी तळ्याच्या बाजूने आत घुसले, शहरातल्या फितुराची त्यांना साथ होती. दोन-तीन दिवस किल्ल्याचा एक भाग त्यांच्याकडे राहिला, मग यानिनाकरांनी त्यांना रेटून बाहेर काढलं. शहराने त्याचं श्रेय देवदूत मायकेलला दिलं.

इथे डेस्पॉटची खरी अडचण दिसते. त्याने केलेला तह मालाकासींना बांधत नव्हता, पण त्यांनी केलेल्या धाडीचा दोष त्याच्या खात्यावर पडत होता. यानिनाकरांच्या लेखी सगळे अल्बानियन एकच. हा अन्याय खरा आहे. पण राजा म्हणवून घेणाऱ्याला ‘ती माणसं माझी नव्हेत’ असं म्हणून सुटता येत नाही.

दक्षिणेकडे मात्र श्पाताने कमाल केली. हॉस्पिटलर या ख्रिस्ती लष्करी पंथाने नेपल्सच्या राणीकडून पेलोपोनीसमधलं अखाया हे संस्थान भाड्याने घेतलं होतं आणि त्यांना एपिरसमध्ये पाय रोवायचा होता. लेपांतो आणि वोनित्सा ही किनाऱ्यावरची ठाणी त्यांच्या हाती होती. १३७८ मध्ये त्यांचा प्रमुख (ग्रँड मास्टर) हुआन फर्नांदेझ दे एरेदिया आर्ताच्या दिशेने निघाला आणि श्पाताच्या माणसांनी दबा धरून त्याला जिवंत पकडलं. मोठ्या खंडणीवर तो सुटला. पंथाचा एपिरसमधला डाव तिथेच मोडला आणि लेपांतोही पुढे श्पातांकडे आलं. ओळखीच्या खिंडी, हलकी फौज, शत्रूला प्रदेशाची माहिती नाही. हा त्यांच्या हातचा खेळ होता आणि तो त्यांनी अप्रतिम खेळला.

तिसरं वळण : यानिनाची रिकामी गादी

२३ डिसेंबर १३८४ ला थॉमसला त्याच्याच अंगरक्षकांनी मारलं.

श्पाताला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. शहराची गादी रिकामी. अठरा वर्षांच्या छळाने लोक पोळलेले. हद्दपार घराणी बाहेर, परतीची वाट बघत. शिवाय स्वतः श्पाता मेलेल्या राजाचा मेहुणा. शहराने विधवा राणी मारिया हिच्याशी निष्ठेची शपथ घेतली, थेसलीतून तिच्या संन्यासी भावाला सल्ल्याला बोलावलं आणि काही आठवड्यांत नवा धनी शोधला. तो होता एसाऊ बुओनदेलमोन्ती, फ्लोरेन्सच्या घराण्यातला, केफालोनिया बेटाच्या तोक्को घराण्याचा नातलग. मारियाने त्याच्याशी लग्न केलं.

श्पाता आला, पण फौज घेऊन. पुन्हा वेढा. आणि एका भेदरलेल्या शहराने नव्या परक्या राजाला घट्ट धरलं.

एसाऊने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. हद्दपारांना परत बोलावलं, जप्त इस्टेटी परत केल्या, जाचक वसुली बंद केली. यातलं एकही काम करायला फ्लोरेन्सचं रक्त लागत नव्हतं. ही यादी श्पाताने वेशीवर पाठवली असती तर? दरवाजा उघडलाच असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पंचवीस वर्षांच्या धाडींची आठवण होती, भाषा वेगळी होती. पण निदान शहरातल्या लोकांना एकमेकांशी वाद घालायला एक कारण मिळालं असतं. वेढ्याने त्यांना एक केलं.

एसाऊने आणखी एक गोष्ट केली, जिची किंमत सगळ्यांनी मोजली. आपलं बळ कमी पडतं म्हणून तो ऑटोमन सुलतानाकडे गेला आणि त्याचा मांडलिक होऊन फौज घेऊन आला. तळ्याच्या तीन बाजू आणि चौथ्या बाजूला सुलतानाचे घोडेस्वार, अशी यानिना आता श्पाताच्या आवाक्याबाहेर गेली.

मारिया वारल्यावर जानेवारी १३९६ मध्ये एसाऊने श्पाताची मुलगी इरिनी हिच्याशी लग्न केलं. माझ्या मते सत्तावन्न वर्षांतला हा सगळ्यात चांगला निर्णय. वीस वर्षांपूर्वीच्या सोयरिकींपेक्षा यात वजन जास्त होतं, कारण मुलगी यानिनाची राणी झाली होती. तिला मुलगा झाला असता तर दोन्ही शहरांचा वारस एकच. पण १३९९ मध्ये एसाऊने उत्तरेकडच्या गिरोकास्तराचा अल्बानियन सरदार ग्योन झेनेबिशी याच्यावर स्वारी केली. झेनेबिशी हाही श्पाताचाच जावई. एसाऊ हरला, कैद झाला आणि १०,००० सोन्याचे फ्लोरिन मोजून सुटला. एका जावयाने दुसऱ्या जावयाला डांबलं आणि सासऱ्याच्या हयातीतच त्याची सोयरिकीची वीण उसवली. काही वर्षांत एसाऊने इरिनीला सोडून एउदोकिया बाल्शिच हिच्याशी लग्न केलं.

चौथं वळण : वारसा आणि भाऊबंदकी

२९ ऑक्टोबर १३९९ ला ग्यिन बुआ श्पाता वारला. मराठीत याला नेमका शब्द आहे, भाऊबंदकी, आणि त्याचा सगळा अर्थ पुढच्या पानांत आहे.

आर्ता भाऊ स्गुरोसकडे आलं. काही दिवसच. बोंगोस नावाच्या एका साहसी माणसाने शहर बळकावलं. बखरकाराने त्याच्यासाठी एकच लांबलचक शब्द जुळवलाय, ‘सर्ब-अल्बानियन-बल्गेरियन-व्लाख’, आणि त्यात राग ठासून भरलाय. मला मात्र त्या शब्दात एपिरसची खरीखुरी लोकवस्ती दिसते. ग्यिनचा नातू मुरिक याने १४०१ च्या सुमारास आर्ता परत घेतलं. स्गुरोसला अंगेलोकास्त्रो मिळालं. जे १३७४ मध्ये एकत्र आलं होतं ते पुन्हा दोन तुकडे झालं.

१४०३ मध्ये स्गुरोस गेला. त्याचा मुलगा पॉल दोन दगडांच्या मध्ये सापडला. एका बाजूला ऑटोमन, दुसऱ्या बाजूला केफालोनियाचा कार्लो तोक्को, जो एकेक किल्ला कुरतडत येत होता. पॉलने अंगेलोकास्त्रो ऑटोमनांच्या हवाली केलं आणि १४०७ मध्ये लेपांतो व्हेनिसला १,५०० डुकॅट्सना विकलं. कोरिंथच्या आखाताच्या तोंडावरचं तटबंदीचं बंदर, किंमत १,५०० डुकॅट्स. एसाऊच्या सुटकेला मोजलेले १०,००० फ्लोरिन आठवावेत. दोन्ही नाणी जवळपास एकाच मोलाची. एका माणसाच्या किमतीत अशी सहा बंदरं आली असती. विकणारा किती अडला होता हे त्या आकड्यातच कळतं. १४०८ मध्ये तोक्कोने अंगेलोकास्त्रोही घेतलं.

या काळात मुरिक आर्तात बसून काय करत होता, असा प्रश्न पडतोच. आजोबांच्या भावाच्या घराचा मुलूख तोक्को गिळतोय आणि आर्ता त्याच्यासाठी सर्वस्व पणाला लावून उतरत नाही. तोक्कोची पद्धत संथ होती. छोट्या चकमकी, पिकांची नासधूस, आणि अल्बानियन सरदारांनाच जमिनी देऊन आपल्या चाकरीत घेणं. श्पातांची ताकद म्हणजे कुळं, आणि तोक्को तीच एकेक करून फोडत होता.

पाचवं वळण : जिंकलेली लढाई

६ फेब्रुवारी १४११ ला एसाऊ वारला. यानिनाची गादी पुन्हा रिकामी. विधवा एउदोकियाने लहान मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला, पण तीन आठवड्यांच्या आत शहराने तिला घालवून दिलं. मग त्यांनी कुणाला बोलावलं? कार्लो तोक्कोला. तो एसाऊचा भाचा होता. एप्रिलमध्ये तो शहरात आला.

मुरिकला हे परवडणारं नव्हतं. तोक्को आता उत्तरेला आणि दक्षिणेलाही होता. त्याने झेनेबिशीशी हातमिळवणी केली आणि १४१२ मध्ये क्रानेया इथे दोघांनी तोक्कोचा सपाटून पराभव केला.

आणि मग? यानिनाचा तट जिथे होता तिथेच होता. विजयी फौज त्याच्यापर्यंत गेली, शहर हललं नाही. लोशाच्या वेढ्यानंतर चाळीस वर्षं उलटली होती. फौज तीच, डाव तोच, तळं तेच. शहराकडे काही बोलणं न्यायचं असतं हे तीन पिढ्यांत कुणालाच सुचलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण क्रानेयानंतरचा महिना हा मुरिकच्या हातातला शेवटचा चांगला महिना होता. जिंकलेला माणूस सवलती देतो तेव्हा त्या दुबळेपणाच्या वाटत नाहीत.

निष्पत्ती

मुरिक १४१४-१५ च्या सुमारास वारला. पुढे आला सावत्र भाऊ याकूब, ऑटोमन दरबारात वाढलेला, मुसलमान झालेला. आर्ताच्या ख्रिस्ती लोकांना तो नको होता. दुसऱ्या सावत्र भावाने, कार्लो मार्केसानोने, त्याला हुसकलं. ऑटोमन मदतीने याकूब परत आला. इकडे १४१५ मध्ये सम्राट दुसऱ्या मानुएलने तोक्कोला डेस्पॉट केलं. लोशा आणि श्पाता यांना सर्बियन सिमेऑनकडून जो किताब मिळाला होता तोच आता त्यांच्या शत्रूला खुद्द कॉन्स्टँटिनोपलहून मिळाला.

१४१६ च्या शरदात तोक्कोने याकूबला दबा धरून पकडलं आणि ठार केलं. एरेदियाला श्पातांनी जसं पकडलं होतं, अगदी तसंच. ४ ऑक्टोबर १४१६ ला आर्ता शरण गेलं, रोगोईनेही दरवाजे उघडले.

लोक नाहीसे झाले नाहीत. बरीच कुळं तोक्कोच्या आणि नंतर ऑटोमनांच्या चाकरीत राहिली, काही दक्षिणेला पेलोपोनीसमध्ये उतरली. तिथल्या बायझंटाइन राज्यकर्त्यांनी आधीपासूनच अल्बानियनांना जमिनी देऊन वसवायला सुरुवात केली होती. पुढे व्हेनिसच्या घोडदळात नाव काढलेला मर्कुरिओ बुआ स्वतःला याच वंशातला सांगायचा.

वेगळं काय करता आलं असतं

ग्यिन श्पाताला न्याय द्यायला हवा. नेपल्स, हॉस्पिटलर, सर्ब, फ्लोरेन्सवाले आणि ऑटोमन यांच्या कचाट्यात त्याने पंचवीस वर्षं आर्ता राखलं. त्याच्यापेक्षा मोठी राज्यं त्या काळात त्याच्याआधी बुडाली. आपल्याला तो दिसतो तोही वैऱ्यांच्या चष्म्यातून. यानिनाची बखर यानिनाची बाजू सांगते, तोक्कोंची बखर तोक्कोंची. श्पातांची बाजू सांगणारा दरबारी लेखक आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

वारशाचा प्रश्न ग्यिनने स्वतःच्या हयातीत सोडवायला हवा होता, हे उघड आहे. सहराज्यकर्ता नेमायची बायझंटाइन रीत त्याच्या डोळ्यांसमोर होती. मुलगा नव्हता, तर भाऊ की नातू हे मरणाआधी ठरवून कुळांकडून शपथ घेता आली असती. त्याने बोंगोसमुळे झालेले दोन वर्षांचे हाल टळले असते, कदाचित अंगेलोकास्त्रोही वेगळं झालं नसतं. पण मला ही दुय्यम चूक वाटते. वारस ठरला असता तरी त्याच्या उत्तर सीमेवर एक बंद दरवाजाचं शहर राहिलंच असतं, जे दर वेळी श्पातांच्या शत्रूला बोलावत होतं. १३६६ मध्ये थॉमस, १३८५ मध्ये एसाऊ, १४११ मध्ये तोक्को. तीन वेळा गादी रिकामी, तीनही वेळा शेजारच्या राजाचं नाव सोडून बाकी सगळी नावं निघाली.

शहराशी बोलायची भाषा अवघड नव्हती. ती १३१९ च्या सनदेत लिहून ठेवलेली होती. तिच्यात कुणीही आपलं नाव घालू शकत होतं.

आणि कुणीतरी घातलंच. १४२९ मध्ये कार्लो तोक्को वारला, त्याच्या घरातही वारशाचं भांडण लागलं. १४३० मध्ये थेसालोनिकी ऑटोमनांच्या हाती पडल्यावर त्यांचा सेनापती सिनान पाशा एपिरसकडे वळला. वेढा घालायच्या आधी त्याने यानिनाच्या बिशपला आणि पुढाऱ्यांना ग्रीक भाषेत पत्र धाडलं. आकाश आणि पृथ्वीच्या देवाची शपथ घेऊन त्याने लिहून दिलं : कुणाला गुलाम करणार नाही, मुलं नेणार नाही, चर्च पाडणार नाही, मशिदी बांधणार नाही, तुमच्या घंटा आजवर वाजत आल्या तशाच वाजतील. ९ ऑक्टोबर १४३० ला यानिनाने दरवाजा उघडला.